माळ्यावरचा कॅमेरा खाली काढताना

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळूणच्या घरात शिरलं. पाणी ओसरल्यावर खाली उतरलो तेव्हा कपाटातल्या अल्बमच्या चिखलाच्या विटा झाल्या होत्या. फोटो एकमेकांना असे चिकटले होते की सोलवत नव्हते. लॅपटॉप गेला, हार्ड डिस्कही गेली. खालच्या खणात एका डब्यात बाबांच्या निगेटिव्ह होत्या. त्याही गाळात बुडाल्या होत्या, पण धुतल्यावर त्यांतून माणसं परत दिसायला लागली. धाकट्याच्या वेळचं आईचं डोहाळजेवण, आत्याची पाठवणी, गुहागरच्या समुद्रात पहिल्यांदा उभी राहिलेली मी. आणि ज्या कॅमेऱ्यानं हे सगळं टिपलं, तो पेंटॅक्स के१००० माळ्यावर, पाण्याच्या रेघेच्या वर, कोरडा बसला होता. बोटीवर नोकरीला असलेल्या काकांनी तो १९८३ साली बाबांना आणून दिला होता.

तो मी दुरुस्त करून घेतला आणि तेव्हापासून रोलवर फोटो काढते. "ताई, आजोबांचा कॅमेरा सापडलाय, चालेल का?" असं विचारणारी मुलं आता नेहमी भेटतात. त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, ते इथे एकत्र लिहिते आहे.

आपण ज्याला नुसतं 'रोल' म्हणतो ती ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म. तिच्यावरचा एक फोटो २४ बाय ३६ मिलिमीटरचा. सिनेमाची फिल्म छोट्या कॅमेऱ्यात आडवी चालवायची ही कल्पना जर्मनीतल्या ओस्कर बार्नाक यांनी रुजवली. त्यांचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. आज आपण वापरतो ती तयार डबी कोडॅकनं १९३४ मध्ये आणली, आणि तिचं माप अजून तेच आहे. म्हणूनच माळ्यावर सापडलेल्या जुन्या कॅमेऱ्यात आज विकत घेतलेला रोल मुकाट बसतो. नवे कॅमेरेही पुन्हा निघू लागले आहेत. २०२२ मध्ये कोडॅकच्या नावाचा एच३५ आला, प्लॅस्टिकचा आणि स्वस्त. जून २०२४ मध्ये पेंटॅक्सनं पेंटॅक्स १७ आणला. दोन्ही हाफ-फ्रेम, म्हणजे एका चौकटीच्या जागेत दोन फोटो. छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर बसतात. वाईट नाहीत. तरी माझं सांगणं असं, की आधी घरात, मावशीकडे, काकांकडे विचारा. कॅमेऱ्यावर खर्च होणारे पैसे रोलवर खर्च झाले तर हात लवकर बसतो.

आधी तपासणी

कॅमेरा मिळाल्या मिळाल्या रोल घालू नका. आधी तो चामड्याच्या कव्हरातून बाहेर काढा आणि ते कव्हर पुन्हा वापरू नका. चामडं ओल धरून ठेवतं. कोकणात बुरशी कॅमेऱ्यात शिरते ती बहुतेक तिथूनच.

मग बॅटरीचं झाकण उघडा. के१००० ला तळाशी नाण्यानं फिरवायचं झाकण असतं, आत एलआर४४ ही बटण-बॅटरी. आत पांढरा-हिरवा थर दिसला तर बॅटरी गळलेली आहे. कानकाडीला व्हिनेगर लावून तो पुसून काढा, मग कोरड्या काडीनं पुसा. के१००० ची बॅटरी फक्त प्रकाशमापकाच्या काट्यासाठी असते. ती नसली तरी कॅमेरा चालतो. प्रत्येक कॅमेऱ्याचं तसं नसतं. यशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये बॅटरी नसेल तर शटर (फिल्मवर उजेड सोडणारी झडप) एकाच वेगानं, सेकंदाच्या १/५०० नं, पडतं. त्यातली मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. ६ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी अडॅप्टरमध्ये घालून काम भागतं. ऑलिंपस ट्रिप ३५ ला तर बॅटरीच लागत नाही, लेन्सभोवतीच्या सेलेनियमच्या कड्यावर, म्हणजे उजेडावरच, तो चालतो. तुमच्याकडचा नेमका कोणता आहे ते वाचून घ्या आणि मगच बॅटरी आणायला जा.

आता पाठीमागचं दार उघडा. रिवाइंडची, म्हणजे फिल्म परत डबीत गुंडाळायची, गोल कळ वर ओढली की ते उघडतं. कॅमेरा खिडकीकडे धरा, फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढा, शटर १ सेकंदावर लावून दाबा. मनात "एकशे एक" म्हणून होईपर्यंत उजेड दिसला पाहिजे. मग १/६०, १/२५०, १/१००० असे वेग लावत जा. प्रत्येक वेळी उजेड चौकटभर चमकला पाहिजे. वरच्या वेगाला एका बाजूची पट्टी काळी राहत असेल तर शटरचा पडदा मागे पडतो आहे. मंद वेग अडकत असतील तर आतलं वंगण सुकलं आहे. अशा वेळी शिवणयंत्राचं तेल सोडायचा मोह होतो, सोडू नका. ते पसरून पडद्यावर आणि लेन्समधल्या पाकळ्यांवर येतं. हे काम कारागिराचं. मी मुंबईला फोर्टात बोरा बाजारच्या गल्लीत नेला होता. कारागिरांनी महिनाभर ठेवून घेतला आणि परत देताना जुने स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून हातात ठेवले. त्या पुडीवर मी तारीख लिहून ठेवली आहे.

लेन्स काढून छिद्राची, म्हणजे आत किती उजेड यायचा ते ठरवणारी, रिंग फिरवा. पाकळ्या चटकन उघडमीट झाल्या पाहिजेत आणि त्यांच्यावर तेलाची चकाकी नको. मग मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं मारून दुसऱ्या बाजूनं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर फोटोत काही कळत नाही, खुशाल वापरा. मधोमध दाट असेल तर लेन्स खोलून साफ करून घ्यावी लागते, आणि फार जुन्या बुरशीनं काचेवरचा लेप खाल्लेला असेल तर तो डाग जात नाही. माझ्या ५० मिमी लेन्सच्या कडेला अजून एक नखाएवढं जाळं आहे.

आपल्याकडच्या हवेत सर्वांत आधी खराब होतो तो दाराच्या खाचेतला काळा स्पंज. चाळीस वर्षांत त्याचं डांबर होतं, बोटाला चिकटतं. तो गेला की दाराच्या फटीतून उजेड आत शिरतो आणि फोटोवर नारिंगी किंवा पांढरे पट्टे येतात. पण हे घरी जमण्यासारखं आहे. दात कोरायच्या लाकडी काडीला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि खाच सावकाश खरवडा. कॅमेरा उलटा धरा, म्हणजे चुरा पडद्यावर पडणार नाही. आरशाला आणि शटरच्या पडद्याला बोट लावायचं नाही, काहीही झालं तरी. खाच स्वच्छ झाली की तिच्यात काळ्या लोकरीचा धागा बसवा, बिजागरीच्या बाजूला काळ्या मखमलीची पट्टी चिकटवा. आईच्या विणकामाच्या टोपलीतली लोकर मी घातली होती. चार पावसाळे झाले, अजून उजेड शिरलेला नाही.

रोल कोणता, आणि तो नीट कसा भरायचा

पहिले तीन रोल कृष्णधवल घ्या. इलफर्ड एचपी५ प्लस किंवा केंटमिअर ४००, दोन्ही आयएसओ ४०० चे (हा आकडा जितका मोठा तितका फिल्मला कमी उजेड पुरतो). चूक पोटात घालतात आणि घरी धुता, म्हणजे रसायनात घालून फोटो उमटवता, येतात. रंगीत हवाच असेल तर कोडॅक गोल्ड २००. हल्ली सिनेमाची फिल्म कापून भरलेले रोल स्वस्तात मिळतात. त्यांतल्या काहींच्या पाठीवर रेमजेट नावाचा काळा थर असतो, आणि तो साध्या रंगीत रोलच्या मशीनमध्ये गेला तर लॅबवाल्याचं सगळं रसायन नासतं. घेण्याआधी विकणाऱ्याला विचारा, देण्याआधी धुणाऱ्याला सांगा.

रोल भरायला भर उन्हात उभे राहू नका. सावलीत या, निदान सूर्याकडे पाठ करा. डबी डावीकडे बसवा, फिल्मची बाहेर आलेली जीभ ओढून उजवीकडच्या फिरकीच्या फटीत सारा, लिव्हर अर्धी ओढा. मधल्या चाकाचे दात फिल्मच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंच्या भोकांत बसलेले दिसले पाहिजेत. ते दिसले की मगच दार लावा. त्यानंतर रिवाइंडची छोटी दांडी उघडून बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवा, सैल पडलेली फिल्म ताणली जाईपर्यंत. आता लिव्हर ओढा आणि त्या रिवाइंडच्या कळीकडे बघा. लिव्हरबरोबर ती उलटी फिरली पाहिजे. फिरली तर फिल्म चालते आहे. नाही फिरली तर दार उघडून पुन्हा भरा.

या एका गोष्टीसाठी एवढं लांबवते आहे, कारण मावसबहिणीच्या केळवणाला मी त्या कळीकडे पाहिलं नव्हतं. पंगत, उखाणे, आजीनं तिच्या ओटीत नारळ घातला तो क्षण, सगळे फोटो मी काढत गेले. आकडा ३६ च्या पुढे गेला, ३८ झाला, तरी लिव्हर अडेना, तेव्हा पोटात गोळा आला. जीभ फिरकीतून पहिल्याच ओढीला सुटली होती; फिल्म डबीतून हललीच नव्हती. आजी त्यानंतरच्या थंडीत गेली. तो फोटो माझ्याकडे नाही. तेव्हापासून प्रत्येक फोटोनंतर माझी नजर त्या कळीकडे जाते, तुम्हीही ती सवय लावा.

दार लावल्यावर दोन कोरे फोटो दाबून सोडा, तेवढ्या फिल्मवर उजेड पडलेला असतो. आयएसओचा आकडा लावायला विसरू नका; के१००० मध्ये शटरच्या चकतीचं बाहेरचं कडं वर उचलून फिरवायचं असतं.

उजेड ओळखणं

के१००० मध्ये डोळा लावला की उजवीकडे एक काटा दिसतो. आडवा मधोमध आला की उजेड बरोबर, वर गेला की जास्त, खाली गेला की कमी. या कॅमेऱ्याला मापक बंद करायचं बटण नाही, लेन्सचं झाकण लावलं की तो झोपतो. झाकण हरवू नका.

काटा मेलेला असला तरी अडत नाही. लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ आणि शटरचा वेग आयएसओएवढा, हा जुना नियम. एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं. आयएसओ ४०० चा रोल म्हणजे त्याच्या जवळचा वेग, १/५००. पातळ ढग असतील तर एफ/११, आभाळ भरलेलं असेल तर एफ/८, झाडाच्या किंवा घराच्या मोकळ्या सावलीत एफ/५.६ किंवा एफ/४. श्रावणातल्या दाट ढगांत मी याहून दोन पायऱ्या खाली येते (एका पायरीला उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो), आणि पडवीत झोपाळ्यावर बसलेल्या माणसासाठी साधारण १/६० आणि एफ/२.८ वर. याहून मंद वेगाला खांबाला टेकून उभी राहते.

निगेटिव्हला जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. मोबाइलच्या बरोबर उलटं. शंका आली की एक पायरी जास्त द्या. काटा समोरचा सगळा उजेड एकत्र मोजतो, त्यामुळे आकाश मोठं असेल तर माणसाचा चेहरा काळा पडतो. अशा वेळी कॅमेरा आधी जमिनीकडे किंवा आपल्या तळहाताकडे धरून मोजा, तोच आकडा ठेवून मग चौकट जुळवा. गोऱ्या तळव्यावर मोजत असाल तर एक पायरी जास्त द्या.

एक छोटी वही जवळ ठेवा. फोटोचा आकडा, शटर, छिद्र, उजेड कसा होता. पहिल्या रोलला एकच जागा चार वेगवेगळ्या आकड्यांनी काढा. रोल धुऊन आला की वही समोर ठेवून निगेटिव्ह बघा, तेवढ्यात बरंचसं समजतं.

रोल संपला की लिव्हर अडते. जोर लावू नका. तळाचं छोटं बटण दाबा, दांडी बाणाच्या दिशेनं फिरवत राहा. शेवटी एक हिसका जाणवतो आणि दांडी हलकी होते. त्यानंतरही चार फेरे द्या आणि मगच दार उघडा. विमानतळावर न धुतलेले रोल बॅगेत ठेवू नका. पारदर्शक पिशवीत हातात घ्या आणि हातानं तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरमधून एकदा गेला तरी रोल खराब होऊ शकतो.

घरी धुणं

रंगीत रोल मी मुंबईला कुरिअरनं पाठवते. कृष्णधवल मात्र घरीच. लागतं ते एवढंच: फिरकीसकट डेव्हलपिंग टँक (उजेड न शिरणारा डबा), अंधारात फिल्म हाताळायची काळी चेंजिंग बॅग, थर्मामीटर, फोटो उमटवणारा डी-७६ डेव्हलपर, तो पक्का करणारा फिक्सर (जुने स्टुडिओवाले अजून हायपोच म्हणतात) आणि तीन बाटल्या.

फिरकीवर फिल्म चढवणं हे यातलं सर्वांत अवघड. एक वाया गेलेला रोल घ्या. आधी उजेडात चढवा, मग डोळे मिटून, मग बॅगेत हात घालून. दहा वेळा झालं की बोटांना कळतं. पावसाळ्यात प्लॅस्टिकची फिरकी जराही दमट असली की फिल्म मध्येच अडकते आणि बॅगेत हाताला घाम सुटतो तशी आणखी चिकटते. मी फिरकी आदल्या दिवशी केस वाळवायच्या यंत्रानं कोरडी करून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात ठेवते.

दुसरी अडचण उकाड्याची. पुस्तकातले आकडे २० अंशांचे असतात आणि एप्रिलमध्ये आमच्या नळाचं पाणी ३० च्या आसपास. रसायन जितकं गरम तितकं काम झटपट, आणि पाच मिनिटांच्या आत धुणं उरकलं तर डाग पडतात. घमेल्यात पाणी आणि बर्फ घालून त्यात तिन्ही बाटल्या उभ्या करा, सगळ्या २० अंशांवर आल्या की सुरुवात करा. एचपी५ ला पाणी न मिसळलेल्या डी-७६ मध्ये साडेसात मिनिटं. एका रोलला साधारण ३०० मिली पुरतं. पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा उलटासुलटा करा, मग दर मिनिटाला तसंच. वेळ झाली की ओतून काढा, साध्या पाण्यानं एकदा विसळा, मग फिक्सर पाच मिनिटं. त्यानंतर झाकण उघडायला हरकत नाही.

शेवटी फिक्सर धुऊन काढायला नळाखाली तासभर पाणी सोडायची गरज नाही. उन्हाळ्यात तेवढं पाणी नसतंच. टँक भरून पाच वेळा उलटा, पाणी बदला, दहा वेळा, पुन्हा बदला, वीस वेळा. झालं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. त्यानं वाळल्यावर थेंबांचे डाग राहत नाहीत. न्हाणीघरात दोरीला चिमटा लावून टांगा, खालीही एक चिमटा लावा म्हणजे गुंडाळणार नाही. पंखा नको, धूळ बसते. बोटानं निपटू नका.

वापरलेला हायपो मोरीत ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते. आमच्याकडे विहीर वीस पावलांवर आहे. मी तो कॅनमध्ये साठवते. एक्स-रे सेंटरांतला जुना हायपो विकत घेणारे लोक असतात, ते घेऊन जातात.

निगेटिव्ह सांभाळा

माझ्या दृष्टीनं हे सर्वांत महत्त्वाचं, आणि याच बाबतीत नवी मुलं सर्वांत निष्काळजी आहेत. स्कॅन मोबाइलवर आले की काम झालं असं त्यांना वाटतं, आणि निगेटिव्ह लॅबमध्येच पडून राहतात. माझ्या सुरुवातीच्या दोन रोलच्या निगेटिव्ह एका लॅबनं न विचारता टाकून दिल्या. रोल देताना पाकिटावर "निगेटिव्ह परत हव्यात" असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि त्या हातात पडेपर्यंत पाठपुरावा करा. स्कॅन म्हणजे त्या दिवशी, त्या मशीननं काढलेली एक कॉपी. निगेटिव्ह असली तर हवी तेव्हा दुसरी काढता येते. घरी स्कॅन करायचं असेल तर मोबाइलचा पडदा पांढरा करा, पण निगेटिव्ह त्याच्यापासून चार-पाच सेंटिमीटर वर धरा, नाहीतर पडद्याचे ठिपके फोटोत उतरतात.

वाळलेली फिल्म सहा-सहा फोटोंच्या पट्ट्यांत कापा, छत्तीसच्या सहा पट्ट्या होतात. पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घाला, साध्या चिकट प्लॅस्टिकमध्ये नको. जुन्या डब्याला आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती फिल्म उष्णतेनं आणि दमटपणानं कुजू लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि सर्वांत आधी तिचं स्कॅनिंग करून घ्या. कॅमेरा आणि निगेटिव्ह, दोन्हींसाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की जेवणात न वापरायच्या पत्र्याच्या ताटलीत मंद तापवा, रंग परत येतो.

आणि कधी निगेटिव्ह पाण्यात गेल्याच तर त्या वाळू देऊ नका. वाळल्या की एकमेकींना कायमच्या चिकटतात. स्वच्छ गार पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, आणि एक-दोन दिवसांच्या आत एकेक पट्टी अलगद सुटी करा. भिजलेला थर सायीसारखा मऊ असतो, त्याला बोट लावायचं नाही. पाण्यातच हलवून गाळ सोडवायचा. शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून काढून टांगा. त्या जुलैत आम्ही टँकरच्या पाण्यातून दोन बादल्या यासाठी बाजूला काढत होतो. आई पट्ट्या सोडवत होती, मी पडवीत दोरीला लावत होते, आणि बाबा प्रत्येक पट्टी उजेडाकडे धरून कोण आहे ते सांगत होते. ते सांगतील तसं मी पाकिटांवर लिहून घेतलं.

तुम्हीही पाकिटावर लिहा: तारीख, गाव, माणसांची नावं. बॉलपेन नको, शाई पसरते. पेन्सिलीनं, पाकिटात निगेटिव्ह घालायच्या आधी. आमच्या भिंतीवर पुराची रेघ अजून आहे. मी फाइल तिच्या दोन फूट वरच्या फळीवर ठेवते.